न ऐकलेली शीळ

भात पिवळं पडायला लागलं की सगळ्यांना बरं वाटतं. मला भीती वाटायला लागते.

गेल्या आठवड्यापासून ती सुरूच आहे. अंगणवाडीच्या वाटेवर दोन्ही बाजूंची खाचरं रंग बदलू लागलीत. लोंब्या वाकल्यात. सकाळी धुकं इतकं खाली उतरतं की बांधावरून चालताना आपलीच पावलं दिसत नाहीत, आणि त्या धुक्यात पिकल्या भाताचा गोडसर, जरासा घामासारखा वास भरून राहिलेला असतो. आमच्याकडे ह्या दिवसांना सुगी म्हणतात. शेजारची पारव्वा विळ्याला धार लावून येते आणि दारातूनच ओरडते, "सुगी आली की ओ सुमनक्का! हसा की जरा." मी हसते. हसता हसता मान वळवून मागं बघते. मागं काही नसतं. फणसाचं झाड असतं, काटेरी कुंपण असतं, कुंपणापलीकडे रान असतं. दर दहा पावलांनी मान वळवायची ही सवय मला चार वर्षांपूर्वीच्या सुगीनं लावली. ती गेली नाही.

त्या वर्षी पाऊस दसऱ्यानंतरही रेंगाळला होता. घरातल्या भिंतींना बुरशीचे नकाशे उमटले होते, आणि मी पडवीत माझे स्पीकर उघडून बसले होते.

स्पीकरचं आधी सांगायला हवं, कारण वाडीत मी दोनच गोष्टींसाठी ओळखली जाते. एक, मी अंगणवाडीची बाई, म्हणजे इथल्या भाषेत अक्कोरू. दुसरं, माझ्या घरात माणसांपेक्षा स्पीकर जास्त आहेत. माझे बाबा रामनगरच्या बाजूला लाऊडस्पीकरचा सेट घेऊन लग्नांना आणि जत्रांना जायचे. त्यांच्या भोंग्यांचं मला कधी कौतुक वाटलं नाही. भोंग्याचा आवाज अंगावर येतो. मला आवडायचे ते लाकडी पेटीतले जुने, घरात ठेवायचे स्पीकर. एके काळी हौशी माणसांनी जपून आणलेले, पुढे मुलांनी माळ्यावर टाकलेले. दांडेलीच्या भंगारवाल्याकडून, जोयड्यातल्या एका निवृत्त कारकुनाच्या घरातून, असे एकेक करत माझ्याकडे सात जमले. पेटी उघडली की आत काय सापडेल सांगता येत नाही. एकात कुंभारीण माशीनं मातीची घरं बांधली होती. एकात उंदराची पिल्लं होती. कागदाच्या पडद्याची कड तर बहुतेकांची कुजलेलीच असते. ती काढून मी मलमलीची पट्टी गोल कापते, डिंकानं बसवते. मधली तारेची कॉइल चुंबकाला घासू नये म्हणून जुन्या एक्सरेच्या बारीक पट्ट्या चारी बाजूंनी खोचते आणि डिंक वाळेपर्यंत दोन दिवस कुणाला हात लावू देत नाही. मग टॉर्चचा सेल घेऊन त्याची दोन टोकं तारांना टेकवते. पडदा झोपेतून दचकल्यासारखा पुढं येतो. टक्. तो एक टक् ऐकण्यासाठी मी आठवडा घालवू शकते.

माझे यजमान शेती करतात. त्यांचं नाव घ्यायला अजून जीभ अडखळते, म्हणून इथंही 'हे'च म्हणते. लग्नाच्या पहिल्या वर्षी ह्यांनी पारव्वाला सांगितलं होतं, "लोकं कोंबड्या पाळत्यात, आमच्या घरात पेट्या पाळल्यात." पण पेटी उचलायची असली की पहिला हात ह्यांचाच.

बाबांची एक कॅसेट आहे. आमच्या माहेरच्या देवळातलं भजन, बाबांनीच भरलेलं. गाणारे कोण ते महत्त्वाचं नाही. झांज बाबा वाजवतात. बाबांना जाऊन बारा वर्षं झाली, पण कुठलाही स्पीकर दुरुस्त झाला की मी तीच कॅसेट लावते. ढोलकी नीट वाजली की मोठा पडदा बरोबर बसला म्हणायचं. झांजेचं टोक खणखणीत आलं की वरचा बारका स्पीकर बरोबर. ते टोक मला पाठ आहे. आधी धातूचा घाव, मग पातळ होत गेलेला, हवेत लांबवर ताणलेला एक धागा.

त्या पावसाळ्याच्या शेवटी तो धागा दिसेना. 'दिसेना' असंच मला वाटलं. घाव यायचा, तोही कापडात गुंडाळल्यासारखा, आणि पुढे काही नाही. मी बारका स्पीकर काढला, पुसला, वाळवला. कंडेन्सर बदलला. तारा पुन्हा डाग देऊन जोडल्या. कॅसेट वाजवायच्या यंत्राचं डोकं स्पिरिटनं पुसलं. दुसरी पेटी लावली. तिच्यातही तेच. दमटपणानं सगळेच बिघडले म्हणून मी पावसाला शिव्या दिल्या. शेवटी एक बारका स्पीकर खोक्यात घालून बसच्या ड्रायव्हरच्या हाती बेळगावला दत्तू मिस्त्रींकडे धाडला. ते बाबांचे जुने दोस्त, सत्तरीच्या पुढचे. चार दिवसांनी फोन आला. आमच्याकडे रेंज फक्त अंगणवाडीच्या पायरीवर मिळते, तिथं उभी राहून मी ऐकत होते.

"बाई, ह्याला काय झालंय म्हणून पाठवलास? ठणठणीत हाय. सुईसारखा वाजतोय."

"मामा, नीट ऐकलंत ना?"

"आता कसं सांगू तुला? माझा नातू बी म्हणाला, लई भारी आवाज हाय म्हणून."

मी फोन ठेवला आणि स्वतःशी म्हणाले, मामा म्हातारे झाले, त्यांना आता ऐकू येत नसणार.

आज हे लिहिताना लाज वाटते. पण तेव्हा ते मला अगदी पटलं होतं. भीती माणसाला किती हुशार कारणं शोधून देते!

त्याच आठवड्यात अंगणवाडीत एक लहान मुलगी माझ्या पदराला धरून उभी होती. काहीतरी सांगत होती. मी दुसऱ्या मुलांना पेज वाढत होते, मान हलवून "व्हय, व्हय, बस" म्हणाले. थोड्या वेळानं तिच्या पायाशी ओघळ आला आणि ती रडायला लागली. तिची आई न्यायला आल्यावर मुलीनं तक्रार केली. आई हसत म्हणाली, "अक्कोरू, ती म्हणते मी तीनदा शू म्हणून सांगितलं." मी मुलीसमोर बसले, म्हटलं, पुन्हा सांग बाळ. तिनं ओठ पुढं काढले. ओठांचा चंबू दिसला. आवाज नव्हता. फक्त शेवटचा 'ऊ' आला, विहिरीतून आल्यासारखा.

तेव्हा मला कळलं. खरं तर त्या क्षणी सगळंच कळलं. पण मी ते कुणालाही सांगितलं नाही. अक्कोरूला ऐकू येत नाही म्हटल्यावर पोरं कोण सोडणार माझ्याकडे? आणि ह्यांना सांगितलं की ते खरं होणार. न सांगता निदान पावसावर ढकलता येत होतं.

रानातल्या माणसाला एक गोष्ट लहानपणीच शिकवतात. संध्याकाळी रानकिड्यांची किरकिर चालू आहे तोवर काळजी नाही. ती एकदम थांबली की जागच्या जागी थांबायचं. जवळपास काहीतरी आलेलं असतं. मी लाकडं आणायला जाताना कान कायम उघडे ठेवून चालायची. आणि आता माझ्यासाठी किरकिर थांबलेलीच होती. दिवसभर. विहिरीवर जाताना, बांधावरून येताना, परसात भांडी घासताना. रान मला सतत तेच सांगत होतं, की थांब, काहीतरी जवळ आलंय. माझी बुद्धी म्हणायची, अगं, हे तुझ्या कानांचं आहे. अंगावरचा काटा तिचं ऐकत नव्हता. मी पारव्वाला सहज विचारल्यासारखं म्हटलं, "यंदा किडे कमी ओरडतात न्हाई?" ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "कमी? डोकं उठवलंय की ओ त्यांनी!"

सुगी लागली. कापणीला माणसं मिळत नव्हती म्हणून वरची तीन खाचरं आम्ही दोघांनीच काढायची ठरवली. त्या दिवसांत रानातून गवे उतरतात. कळप एक वेळ बरा, माणसाचा वास आला की निघून जातो. एकटा नर वाईट. गवा दिसला की आमच्याकडे ओरडत नाहीत. ओरडलं की तो बिथरतो, आणि धुक्यात कुठल्या अंगाला धावेल सांगता येत नाही. दोन बोटं तोंडात घालून एक लांब शीळ मारायची. ऐकणाऱ्यानं हातातलं टाकून सरळ वरच्या बांधावर चढायचं. ह्यांची शीळ सगळ्या वाडीत नावाजलेली. पलीकडच्या टेकडीवरून लोक ओळखायचे.

सकाळचे आठ वाजले असतील. ऊन अजून धुक्यात अडकलेलं होतं. हे वरच्या बांधावर पेंढ्या रचत होते, मी खालच्या खाचरात, रानाकडे पाठ करून पेंढ्या बांधत होते. आदल्या दिवशी कापलेलं भात दवानं जड झालं होतं. गाठ मारली, पुढची घेतली. गाठ मारली, पुढची घेतली. मला आठवतं, मी अगदी शांत होते. त्या सकाळी पहिल्यांदाच बऱ्याच दिवसांनी मला भीती वाटत नव्हती.

मग तळपायांना काहीतरी जाणवलं. चिखल हलला. मी वर बघितलं तर हे बांधावरून उड्या मारत माझ्याकडे धावत येत होते. तोंड उघडं, हातात डोक्याचा टॉवेल, तो गरगर फिरवत. मला वाटलं साप. मी खाली बघितलं. पुन्हा वर बघितलं तर हे मला ओलांडून गेले होते. मी वळले. पाच-सात हातांवर धुक्यातून काळं काहीतरी बाहेर येत होतं, आणि ते संपतच नव्हतं. आधी डोकं, मग खांदा, मग तो पाठीचा उंचवटा. पायांत पांढरे मोजे घातल्यासारखं. नाकातून वाफ. हे त्याच्या आणि माझ्या मध्ये टॉवेल झटकत आडवे पळाले. त्यानं फक्त मान हलवली. गुरं माशी उडवायला हलवतात तशी. हे उचलले गेले आणि बांधाच्या दगडांवर पडले. गवा एक क्षण उभा राहिला, माझ्याकडे बघितलं, आणि खाचर तुडवत पलीकडच्या रानात निघून गेला.

मी किंचाळले असणार, कारण पारव्वा आणि तिच्या घरची माणसं धावत आली. ह्यांची उजवी मांडी मधूनच वाकली होती. जीप मिळेपर्यंत तास गेला. आधी जोयडा, तिथून दांडेली. जीपमध्ये ह्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याला त्यांचे दात एकमेकांवर घासत. मधेच त्यांनी डोळे उघडले. मी तोंडाजवळ कान नेला.

"मी शीळ मारली," हे म्हणाले. "चार डाव मारली. ऐकली न्हाईस?"

समोर पारव्वा बसली होती. ती माझ्याकडे बघत होती.

"वारा होता," मी म्हटलं. "उलट्या अंगाचा."

वारा नव्हता. त्या सकाळी भाताचं पातंसुद्धा हलत नव्हतं. ह्यांनी डोळे मिटले आणि मान हलवली. "व्हय," म्हणाले, "वारा असंल."

मांडीत सळी घातली. बारा दिवसांनी घरी आणलं. सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत, बाज टाकली, खिडकीशी, तिथून शेत दिसतं. वाडीतल्या माणसांनी मिळून आमची खाचरं कापली, खळ्यापर्यंत आणून टाकली. येणारा जाणारा म्हणायचा, अक्कोरू, तुमचं नशीब थोर. मी चहा करायला आत पळायची. खळ्यावरच्या भाताची राखण मात्र अंगणवाडी सुटल्यावर मलाच करावी लागे. मी रचलेल्या पेंढ्यांच्या उडवीला पाठ लावून बसायची, म्हणजे निदान मागची बाजू तरी झाकलेली. डोळे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचे, पुन्हा उलटे. कावळा उतरला तरी हातातली काठी गळून पडायची. एकदा पारव्वा कडेनं आली आणि खांद्यावर हात ठेवला, तर मी अशी ओरडले की तीच रडायला लागली. "मी कवाधरनं हाका मारतेय की तुम्हाला," ती म्हणाली. मी म्हटलं, डोळा लागला होता.

एक खोटं बोललं की त्याला रोज खायला घालावं लागतं.

संध्याकाळी दिवे लागताना हे म्हणायचे, भजन लाव. पडून पडून त्यांचा जीव आंबला होता. मी सोप्यात दोन पेट्या मांडून ठेवल्या होत्या, बाजेच्या उशाशी. कॅसेट लावायची, शेजारी बसून पाय चेपायचे. ढोलकी मला यायची. गाणाऱ्यांचा जाड आवाज यायचा. झांज मी आठवून घ्यायची. नेमक्या जागी ती मनातच वाजवायची. त्यामुळे खरंच वाजल्यासारखी वाटे.

असे सहा-सात दिवस गेले असतील. एका संध्याकाळी हे म्हणाले, "तुझ्या बाबांची झांज कुठं गेली गं?"

"वाजतेय की," मी म्हटलं. "किती छान येतेय आज."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग कोपरावर उठले, दुखत असूनही, आणि पेटीच्या मागच्या बाजूला वाकून बघितलं. एका पेटीतला बारका स्पीकर अजून बेळगावलाच होता. दुसऱ्याची तार मी पावसाळ्यात सोडवली होती आणि जोडायची विसरले होते. ती तशीच लोंबत होती. सहा दिवस त्या घरात झांज वाजलीच नव्हती. एकट्या मला ते कळलं नव्हतं.

हे परत आडवे झाले. कॅसेट चालू होती. माझे हात त्यांच्या पायावर तसेच राहिले.

"सुमन," ते म्हणाले. माझ्याकडे तोंड करून, सावकाश, ओठ नीट हलवत. त्या सावकाशपणानंच मला कळलं की आता संपलं. "त्या दिवशी वारा न्हवता न्हवं?"

मी मान हलवली. न्हवता.

"कवापासनं?"

"पावसापासून. त्याच्याही आधीपासून असेल."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाणी दिलं तर प्यायचे, भाकरी दिली तर खायचे. माझी भीती त्या दोन दिवसांत बदलली. गव्याची उरली नाही, नोकरीची उरली नाही. हे आता मला कायमची परकी समजणार, ही एकच उरली, आणि ती बाकी सगळ्यांपेक्षा मोठी होती.

तिसऱ्या दिवशी मी अंगणवाडीतून लवकर आले. मुलांना खोकला होता, दोनच आली होती. सोप्याच्या दारात पाय ठेवला तर हे बाजेवर बसलेले. दोन बोटं तोंडात. गाल फुगलेले, मानेच्या शिरा ताणलेल्या, तोंड लालभडक. शीळ मारत होते. मला फक्त हवेचा फुसका आवाज आला. मला बघून त्यांनी हात खाली घेतला.

"काय करताय?"

त्यांनी ओली बोटं चादरीला पुसली. मग म्हणाले, "मला वाटलं माझ्याच शिळंत दम ऱ्हायला न्हाई. दवाखान्यातनं आल्यापासनं रोज तू गेलीस की मारून बगतोय. आता कळलं तरी हात तोंडाकडं जातोय. ती पारव्वा पलीकडनं येते, विचारते, काय झालं, कशाला बोलावता. तिला ऐकू येतं. मग म्हटलं, त्या दिवशीच कशी चुकली? म्हातारा झालो काय? तुला वाचवायचं सोडून मीच..." त्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं. "तू खोटं बोललीस त्याचं मी सोडलं असतं गं. पण मी इथं पडून स्वतःला खात होतो, आणि तू रोज माझं पाय चेपत होतीस."

मी दारातच खाली बसले. मी पावसाला दोष दिला होता, कंडेन्सरला दिला होता, म्हाताऱ्या दत्तू मामांच्या कानांना दिला होता. तोच दोष फिरत फिरत ह्या माणसाच्या अंगावर जाऊन बसला होता, आणि त्यानं तो निमूटपणे घेतला होता. मी एवढंच म्हणाले, "मला भ्या वाटलं."

"मग ते तरी सांगायचं," हे म्हणाले.

काठी घेऊन हे चालायला लागल्यावर आम्ही बेळगावला गेलो. काचेच्या लहान खोलीत मला बसवलं, कानांवर झाकणं घातली, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. काचेपलीकडे एक तरुण बाई यंत्राची बटणं फिरवत होती. आयुष्यभर मी स्पीकर तपासले, त्या दिवशी मला तपासत होते. सुरुवातीचे जाड आवाज आले. मी दाबलं. मग काहीच येईना. मला इतकी धास्ती वाटली की मी तिच्या हाताकडे बघायला लागले. तिचा हात हलला की दाबायचं. तिनं दार उघडलं. कान मोकळे केले. शांतपणे म्हणाली, "ताई, आत्ता मी काहीच वाजवलं नव्हतं."

कागदावर रेघ निघाली. डावीकडून सपाट येऊन मधेच कड्यावरून पडावी तशी. कानाची नस, डॉक्टर म्हणाले. गेलेलं परत येणार नाही. पुढं आणखी जाईल का? सांगता येत नाही. कानाच्या यंत्रानं मदत होईल. हे शेजारी बसून सगळं ऐकत होते. बाहेर आल्यावर ओठ हलवत मला पुन्हा सगळं सांगितलं, एकही वाक्य गाळलं नाही. मी विचारलं, "सगळं जाणार काय?" ते म्हणाले, "मला बी माहीत न्हाई." खोटा धीर दिला नाही. आमच्या घरात आता तेवढा एक नियम झाला आहे.

यंत्र आलं. पहिल्या दिवशी बसस्टँडवर कुणीतरी प्लास्टिकची पिशवी चुरगळली आणि मी भिंतीला चिकटले. घरी आल्यावर संध्याकाळी रान एकदम पेटल्यासारखं झालं. पत्र्यावर खिळे घासावेत तसा आवाज चारी बाजूंनी. "हे काय?" मी ओरडले. हे हसायला लागले. "किडे," म्हणाले. "रोजचंच हाय." ज्यांच्यासाठी मी इतकी आसुसले होते, त्यांना मी ओळखलंसुद्धा नाही.

अंगणवाडीत मी मुलांच्या आयांना सांगून टाकलं. एक मुलगी तिच्या आईनं दोन महिने पाठवली नाही. बाकीची पोरं येत राहिली. मुलं आता माझ्यासमोर येऊन, माझी हनुवटी हातानं वळवून बोलतात. स्पीकरचं काम चालू आहे. बेळगावचा बारका स्पीकर परत आला, लोंबती तार जोडली गेली. मोठ्या पडद्यावर बोटं टेकवून मला बरंच कळतं. वरच्या पट्टीचं हे सांगतात. "आता पत्र्यासारखी वाजतेय. आता जरा गोड झाली. आता तुझे बाबा आले." मी त्यांचा चेहरा बघत स्क्रू आवळते. बाबांची झांज मला यंत्रातून येते, पण ती बाबांची वाटत नाही. त्याचं दुःख आहे. ते आहे तसं ठेवून दिलंय.

भीती गेली नाही. सकाळच्या धुक्यात यंत्र सर्दावतं, कान बंद पडल्यासारखा होतो, मग काढून घरी ठेवावं लागतं. म्हणजे सुगीत, जेव्हा कान सगळ्यात जास्त हवेत, तेव्हाच मी सगळ्यात बहिरी. ह्यांचा पाय आता धावत नाही. मग ह्यांनी गुरांची दावी एकात एक गुंतवून लांब दोरी केली. एक टोक माझ्या कमरेला, दुसरं त्यांच्या मनगटाला. हे बांधावर कान देऊन बसतात, मी खाचरात कापते. एक झटका म्हणजे थांब. दोन म्हणजे मागं ये. पारव्वा पहिल्यांदा बघून म्हणाली, "शेळीला बांधल्यागत बांधलंय की ओ तुम्हाला!" हसली, आणि मग हसू आवरून तिनं माझ्या कमरेची गाठ स्वतः तपासून बघितली.

काल यंदाचं पहिलं भात कापायला उतरलो. धुकं दाट होतं. ह्यांचा नुसता आकार दिसत होता, मग तोही गेला. मी ओणवी होऊन कापत होते, दर चार मुठींनी मान वर करत. दोरी ढिली होती. आणि अचानक कमरेला एक झटका बसला.

मी थांबले. विळा हातात तसाच. समोर पांढरं, बाजूला पांढरं. कान म्हणजे दोन कापसाचे बोळे. पळावंसं वाटलं, पण कुठल्या बाजूला? मग दोन झटके आले. सावकाश, एकापाठोपाठ एक. मी पाठ न वळवता एकेक पाऊल मागं टाकायला लागले. मागची दोरी ढिली पडत नव्हती, हे ती हातानं गोळा करत होते, तेवढंच मला कळत होतं. टाचेला बांध लागला. ह्यांचा हात माझ्या दंडाला लागला आणि त्यांनी मला वर ओढून घेतलं.

आम्ही दगडाला टेकून बसलो. माझ्या तळव्याखाली बांधाची माती एकदा हलली, पुन्हा हलली. जड काहीतरी खालून, मी उभी होते त्या जागेवरून, निवांत चाललं होतं. मी श्वास धरून ठेवला. माती थांबल्यावरही धरून ठेवला.

बऱ्याच वेळानं ह्यांनी माझ्याकडे तोंड केलं. "गेला," ओठ म्हणाले.

ऊन वर आल्याशिवाय पुन्हा उतरायचं नव्हतं. तरी उतरावं लागणार होतंच, अर्धं खाचर उभं होतं. मी ह्यांच्याकडे बघत म्हणाले, "मला अजून भ्या वाटतंय."

"मला बी," हे म्हणाले. आणि दोरीचा आणखी एक वेढा आपल्या मनगटाला घालून तो दातांनी घट्ट आवळला.